कट्टा न सोडता

वजन उतरवायचं ठरलं की माणूस आधी साखर सोडतो, मग भात, आणि मग हळूहळू मित्र सोडायला लागतो. हे शेवटचं कोणी सांगून-सवरून करत नाही. शनिवारी संध्याकाळी फोन येतो, ‘आज नाही जमत रे, काम आहे’ म्हणून वेळ मारून नेली जाते. पुढच्या शनिवारी पुन्हा काम निघतं. दीडेक महिन्यात तीन-चार किलो उतरतात, पँट सैल होते. मग जुन्या वर्गमित्रांचं जेवण ठरतं आणि ते टाळणं शक्यच नसतं. सहा आठवड्यांचं राहून गेलेलं सगळं त्या एका रात्री खाल्लं जातं. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर दोन किलो जास्त दिसतात, ‘गेली सगळी मेहनत पाण्यात’ असं वाटतं आणि फ्रीजवर चिकटवलेला आहाराचा कागद खाली उतरतो.

चूक त्या रात्रीची नसते, कागदाची असते. त्यात सकाळची न्याहारी होती, चार वाजताचे मोजून दहा बदाम होते, रात्रीचे दोन फुलके होते, पण शनिवारची संध्याकाळ नव्हती. दहा-बारा किलो नीट उतरवायचे तर काम सहा-आठ महिन्यांचं. एवढे दिवस कोणी मित्रांशिवाय काढू शकत नाही, काढूही नयेत. म्हणून कट्टा पहिल्या दिवसापासून हिशोबात धरावा, असं माझं ठाम मत आहे.

संगतीत जास्त खाल्लं जातं, हे मात्र खरं आहे. जॉन डी कॅस्ट्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात लोकांकडून खाण्यापिण्याच्या रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. एकट्याने केलेल्या जेवणापेक्षा चारचौघांतलं जेवण सरासरी ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. कारण साधं आहे. गप्पांत जेवण लांबतं, आणि ताट जितका वेळ समोर तितका वेळ हात चालू. त्यातही अनोळखी माणसांत आपण आखडतो, जिवलगांत सैल सुटतो. पुढे २००७ साली निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या बारा हजारांवर माणसांच्या तीसेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. त्यांच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले, कारण सारख्या सवयींची माणसंच मुळात एकमेकांचे मित्र होतात. तरी एक गोष्ट कोणालाही पटेल: किती खाणं ‘नेहमीचं’ आणि किती ‘जास्त’, हे आपण घरच्या वाटीवरून कमी आणि समोर बसलेल्या मित्राच्या ताटावरून जास्त ठरवतो.

आता आकडे. समजा एखाद्याचं काम बसून आहे, वजन ८० किलो आहे आणि रोज २,३०० कॅलरी खाल्ल्या की ते तिथेच राहतं. तो १,८०० वर आला. रोजची तूट ५००, आठवड्याची ३,५००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला साडेचारशे ग्रॅम. आता शनिवारी रात्री मित्रांबरोबर बसून त्याच्या १,८०० च्या ३,३०० झाल्या. तरी आठवड्याची तूट २,००० उरतेच, अडीचशे ग्रॅम उतरतातच. एका शनिवारने काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्यासारखं: बुधवारी ऑफिसात कोणाचा तरी वाढदिवस, शनिवारी मित्र, रविवारी सकाळी मिसळ, आणि तिन्ही वेळा १,२०० जास्त. झाले ३,६००. आठवड्याची अख्खी तूट पुसली गेली. ‘मी एवढं सगळं पाळतो, तरी काटा हलत नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथली असते. चार दिवस खरोखरच तंतोतंत पाळलेले असतात, आणि त्या चार दिवसांची कमाई उरलेल्या तीन दिवसांत खर्च होते.

त्यामुळे एका बैठकीत काय खाल्लं यापेक्षा आठवड्यात बैठकी किती, हे आधी पाहावं. एक मोठी आणि एक छोटी, एवढं सहज पेलतं. दोन मोठ्या आल्या, लग्नसराईत येतातच, तर उरलेल्या दिवसांत रोज अर्धी भाकरी किंवा अर्धी वाटी भात कमी करावा, म्हणजे रोजच्या शंभरेक कॅलरी. त्याहून जास्त कापू नये. दिवसभर उपाशी राहून ‘रात्रीसाठी जागा ठेवणं’ हा सगळ्यात महाग सौदा आहे. भुकेलेला माणूस टेबलावर बसतो तेव्हा पहिली वीस मिनिटं तो निवड करत नाही, समोर येईल ते उचलतो. दुपारी नेहमीसारखं जेवावं, फक्त भात-पोळी थोडी कमी आणि डाळ-उसळ-दही जास्त. आणि घरातून निघण्याआधी अर्धा तास दोन उकडलेली अंडी, नाहीतर वाटीभर मुगाची उसळ, वर ग्लासभर ताक. दोन अंड्यांच्या दीडशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं. या दीडशे पुढच्या पाचशे वाचवतात.

छोटी बैठक म्हणजे चहा. टपरीवरचा कटिंग सत्तर-ऐंशी मिलीचा, त्यात दीडेक चमचा साखर आणि दूध, मिळून साठ-सत्तर कॅलरी. अमृततुल्यचा घट्ट चहा याहून थोडा वर. एका कपाने काही होत नाही, पण ऑफिसातले मित्र दिवसातून चार वेळा ‘चल, चहा मारू’ म्हणतात. बिनसाखरेचा मागावा हा सल्ला कागदावर ठीक आहे. टपरीवर साखर पातेल्यातच उकळलेली असते, आणि कोरा चहा मागितला तरी बहुतेक ठिकाणी तो गोडच येतो. तेव्हा फेऱ्यांना नाही म्हणू नये, कपांना म्हणावं. चार फेऱ्यांपैकी दोनदा चहा, दोनदा नुसती सोबत, हातात पाण्याची बाटली. मोठा धोका चहापेक्षा त्याच्या जोडीदाराचा. खारी हलकी लागते ती आतल्या हवेमुळे. तिच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा चरबी असतो, आणि एका मोठ्या खारीत शंभराहून जास्त कॅलरी सहज बसतात.

दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवायचं, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. ती पाळणाऱ्यांची अडचण वेगळी असते. मित्र आठला जमतात, स्टार्टर साडेआठला येतं, मुख्य जेवण पावणेदहाला. पहिला टिक्का तोंडात टाकला की घड्याळ सुरू, आणि जेवण येईपर्यंत वेळ संपलेली. अशा वेळी दोनच मार्ग आहेत: स्टार्टरलाच जेवण मानून पोटभर खावं आणि नंतर गप्पा माराव्यात, नाहीतर मुख्य जेवण येईपर्यंत पाण्यावर किंवा पातळ ताकावर थांबावं. दोन्ही अर्धं-अर्धं करायला गेलं की दोन जेवणांची तीन होतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा अशा हलवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं अगदी आवश्यक.

रविवारची सकाळ हा पुण्या-नाशकाकडचा खास प्रकार. पहाटे गड, खाली उतरून मिसळ. ‘एवढं चढलो, आता खायला हरकत नाही’ या वाक्यात मोठा घोटाळा दडलेला आहे. आतकरवाडीकडून सिंहगड चढून-उतरून आलं की ७०-८० किलोच्या माणसाच्या साधारण पाच-सहाशे कॅलरी जळतात. वर एक प्लेट कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही घेतलं की आठ-नऊशे जमा. मेहनतीवर पाणी पडत नाही, ताकद आणि दम वाढतातच, पण वजनाच्या वहीत त्या दिवशी तूट लिहिता येत नाही. भजी की पिठलं-भाकरी, हे चढता चढताच ठरवावं. पिठलं-भाकरी घेतली तर पोटही भरतं आणि दुपारचं जेवण उशिरा, हलकं करता येतं.

आणि मिसळ. मिसळीला उगाच बदनाम केलं जातं. तिचा पाया मोड आलेल्या मटकीचा, यापेक्षा चांगली न्याहारी कोणती? गडबड वरच्या थरांत आहे. उसळ साधारण १२० कॅलरी, मूठभर म्हणजे ४० ग्रॅम फरसाण २२०, लाल तर्री दोन पळ्या म्हणजे तेलाच्याच दीडशे, दोन पाव अडीचशे. साडेसातशेच्या घरात गेली प्लेट, आणि रस्सा परत मागितला की त्याबरोबर जादा पावही येतो. हीच मिसळ सांगून मागवावी: फरसाण वेगळ्या वाटीत, तर्री वेगळी, पाव एक, सोबत दही आणि भरपूर कांदा-लिंबू. फरसाण मुठीने न घालता चमच्याने, शेवटपर्यंत थोडं थोडं घातलं तर ते कुरकुरीतही राहतं आणि निम्म्यात भागतं. प्लेट चारशेवर येते. चवीत उणं पडत नाही, कारण मिसळीची चव मसाल्यात आणि मटकीत असते, वर तरंगणाऱ्या तेलात नाही. झणझणीतपणा हवा तर कांदा वाढवावा, तर्री चमचाभरच घ्यावी.

हॉटेलात बसल्यावर काय चुकतं ते पाहिलं तर पदार्थांपेक्षा क्रम चुकतो. स्टार्टर मागवतात, ते संपल्यावर मुख्य जेवणाची ऑर्डर देतात, ती यायला चाळीस मिनिटं लागतात आणि त्या चाळीस मिनिटांत स्टार्टरची दुसरी फेरी होते. उपाय एवढाच की दोन्ही ऑर्डर एकदम द्याव्यात. शिवाय पहिली ऑर्डर आपण द्यावी. पहिला माणूस ‘तंदुरी चिकन, दाल तडका, रोटी बटर न लावता’ म्हणाला की उरलेले त्याच सुराला लागतात. पहिल्याने ‘चीज कॉर्न बॉल’ म्हटलं की टेबल तिकडे वळतं. साधी तंदुरी रोटी सव्वाशेच्या आसपास, बटर नान तीनशेच्या वर. काजूच्या दाट ग्रेव्हीतले पनीरचे तुकडे जरूर घ्यावेत, ग्रेव्ही वाटीत राहू द्यावी, आणि शेवटच्या रोटीने वाटी पुसून घ्यायची सवय असेल तर ती रोटीच मागवू नये. बिर्याणी दोघांत एक, सोबत रायता आणि कांदा-काकडी.

बिलाचंही बोलायला हवं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बिल सगळ्यांत सारखं वाटलं जाणार आहे हे आधी कळलेल्या गटांनी जास्त मागवलं. ज्याचं-त्याचं ज्याने-त्याने द्यायचं तिथे कमी. आपल्याकडचं टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हे मैत्रीत रुक्ष वाटतं खरं. पण समान वाटणीत कमी खाणाऱ्यालाही ‘पैसे तर द्यायचेच आहेत’ म्हणून हात पुढे करावासा वाटतो. निदान गोडाचं तरी ज्याचं त्याने मागवावं, एवढं ठरवता येतं.

दारू. न पिणं सर्वांत चांगलं, यात शंका नाही. पण ज्या गटात ‘बसणं’ म्हणजे तेच असतं, तिथल्या माणसाला नुसतं ‘पिऊ नको’ सांगून उपयोग होत नाही. त्याला आकडे हवेत. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी. साखरेत ४, चरबीत ९. आपल्याकडच्या व्हिस्की-रमचा ६० मिलीचा पेग १४० कॅलरींचा. क्वार्टर झाली की सव्वाचारशे. सौम्य बिअरची ६५० मिलीची बाटली २६०-२८०, स्ट्राँग असेल तर साडेतीनशे किंवा जास्त. रममध्ये कोला ओतला तर ३०० मिलीच्या बाटलीमागे आणखी १२०-१३०. सोडा किंवा पाणी घातलं तर शून्य.

शरीराला अल्कोहोल साठवून ठेवता येत नाही, म्हणून ते आधी जाळलं जातं. तोवर ताटातल्या तेलातुपाला जळायला वाव नसतो, ते साठवणीकडे वळतं. म्हणजे पेगाइतकाच चखणा महत्त्वाचा. तळलेल्या मसाला शेंगदाण्यांच्या मूठभर वाटीत पावणेदोनशे कॅलरी, आणि अशा चार वाट्या अंधारात कधी संपतात ते कळत नाही. चखण्यात भाजलेला मसाला पापड, काकडी-गाजर, उकडलेली अंडी, फुटाणे, कोरडं भाजलेलं चिकन मागवता येतं. जवळपास सगळीकडे मिळतं. सगळ्यात जास्त नुकसान मात्र शेवटी होतं. साडेबाराला बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर डबल अंडाभुर्जी आणि तीन पाव: दीडशे अंड्यांचे, दोनशे-अडीचशे तेलाचे, पावणेचारशे पावाचे. ही भूक खरी नसते, पण लागते खऱ्यासारखी. तिला एकच औषध लागू पडतं. दुसऱ्या पेगाआधी जेवण मागवायचं आणि दहाच्या आत जेवून घ्यायचं. प्रत्येक पेगामागे एक मोठा ग्लास पाणी, पेग ३० चा आणि ग्लास उंच. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने रिकाम्या पोटी पिणं धोक्याचं आहे. अल्कोहोलमुळे यकृताचं साखर तयार करण्याचं काम मंदावतं, रक्तातली साखर रात्री झोपेत घसरू शकते, आणि ते नशेसारखंच दिसत असल्याने सोबतच्यांच्या लक्षातही येत नाही.

हॉटेलात वेटरला नाही म्हणणं सोपं. कठीण असतं ते मित्राच्या घरी. तिथे आग्रह असतो. आपल्याकडच्या आग्रहाला एक पूर्ण व्याकरण आहे. पहिला नकार शिष्टाचाराचा मानला जातो, दुसरा संकोचाचा, आणि तिसऱ्याला पोळी पानात पडलेली असते. ‘पानात टाकायचं नाही’ ही लहानपणची शिकवण असल्याने पडलेली पोळी खावीच लागते. ‘मी डाएटवर आहे’ हे वाक्य तर आगीत तूप. ‘तू कुठे जाड आहेस?’, ‘एकाने काय होतंय?’, ‘आमच्या आजीने आयुष्यभर तूप खाल्लं’ अशी चर्चा सुरू होते आणि जेवणभर आपलं पोट हा विषय राहतो.

आग्रह करणारी व्यक्ती मनातून एकच गोष्ट विचारत असते: आवडलं का? पोळी हे त्या प्रश्नाचं निमित्त. तेव्हा नकाराआधी त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, आणि मोघम नको, नेमकं द्यावं. ‘वहिनी, भरल्या वांग्याला खोबरं भाजून घातलंत ना? फारच सुरेख झालंय. मी सावकाश खातोय.’ मिळायचं ते मिळालेलं असतं, आणि वाढणारा हात बहुतेकदा पुढच्या पानाकडे वळतो. तरी आग्रह झालाच तर ‘नको’ ऐवजी ‘अर्धी’ म्हणावं. नकाराशी झगडता येतं, अर्धीशी झगडता येत नाही. वाढणाऱ्याचा मान राहतो. पुरणाची पोळी तळहाताएवढी असली तरी तुपासकट तीनशेच्या घरात जाते, त्यामुळे ‘अर्धी’ या एका शब्दाचं मोल दीडशे कॅलरी आहे. जेवण सुरू करताना सगळ्यांत शेवटी पहिला घास घ्यावा, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी संपतं. रिकामं पान वाढणाऱ्याला दुरून दिसतं. कोशिंबीर आणि थोडी भाजी शेवटपर्यंत पानात राहू द्यावी. आणि कोशिंबिरीत दाण्याचं कूट किती आहे तेही बघावं, दोन चमचे कूट म्हणजे शंभरेक कॅलरी.

याहून चांगली युक्ती म्हणजे वाढायला उभं राहणं. घरगुती कार्यक्रमात वाढप्याला कोणी आग्रह करत नाही. तो सगळ्यांशी बोलतो, सगळ्यांना हवासा असतो, पन्नास वेळा वाकतो, आणि दुसऱ्या पंगतीत बसतो तेव्हा आग्रह करणारे दमलेले असतात. आणि गोड खरोखरच नको असेल तर ‘डब्यात दे, उद्या खाईन’. करणारीला आनंद होतो, आपल्याला ते उद्याच्या हिशोबात, दुपारच्या जेवणाबरोबर बसवता येतं. फक्त तो डबा घरी आल्यावर रात्री उघडू नये.

गटात एकाला, एकालाच, खरं काय ते सांगून ठेवावं. ‘डिसेंबरपर्यंत मी जरा जपून खातोय, तू लक्ष दे.’ हा मित्र आपल्यासमोरची वाटी उचलून पलीकडे ठेवतो आणि कोणाला कळतही नाही. उरलेल्यांना सांगायची गरज नसते. आणि आपण स्वतः त्या ‘एका’च्या जागी असू, तर ‘एक दिवस चालतं रे’ हे वाक्य गिळावं. त्याचा तो आठवड्यातला कितवा ‘एक दिवस’ आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

आपल्याकडे मित्रांनी जमून खायच्या काही परंपरा अशा आहेत की त्या वजनाच्या योजनेत सुंदर बसतात, आणि आपण त्या वाया घालवतो. थंडीतली रायगडची पोपटी घ्या. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, कांदे, रताळी, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-लाकडं पेटवतात. पाणी नाही, तेलाची गरज नाही, शेंगा स्वतःच्या वाफेवर शिजतात. शेंगा सोलून खायला वेळ लागतो, बोटं गुंततात, गप्पा रंगतात, तासाभरात पोट भरतं. मित्रांबरोबर जेवावं तर असं. फक्त सोबत बिअरचा क्रेट आला की वरचं दारूचं प्रकरण पुन्हा वाचावं.

हुरड्याचं थोडं वेगळं आहे. आगटीत भाजलेली कणसं हातावर चोळून दिलेला गरम हुरडा, लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. यात वावगं काही नाही. चूक होते ती हुरड्याला चिवड्यासारखं तोंडात टाकायचं खाणं समजण्यात. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी, म्हणजे ती भाकरीच. सकाळी दहाला दोन-तीन वाट्या हुरडा झाला की दुपारची भाकरी झाली, असं धरायला हवं. प्रत्यक्षात हुरडा पार्टीच्या पाकिटात हुरड्यानंतर उसाचा रस, मग भरीत-भाकरी-ठेचा-जिलेबी, चारला भजी-चहा असा दिवसभराचा भरणा असतो. हुरडा पोटभर खावा, दुपारी भरीत आणि ताक घ्यावं, भाकरी सोडावी.

कोजागिरीचं दूध मोजून बघण्यासारखं आहे. लिटरभर फुल क्रीम दूध नऊशे कॅलरींचं, शंभर ग्रॅम साखर चारशे, पन्नास ग्रॅम सुकामेवा तीनशे. सहा कप केले तर कपाला २६०-२७०. गच्चीवर मध्यरात्री एक कप, त्याआधीचं जेवण हलकं, आणि सोबत भेळ असेल तर शेव वरून चिमूटभर. दिवाळीत चार मित्रांच्या घरी फराळाला जायचं असेल तर प्रत्येक घरी पूर्ण बशी न घेता एका घरी चकली, दुसऱ्या घरी लाडू, तिसऱ्या घरी करंजी असं एकेकच घ्यावं, आणि जे त्या घरात हाताने केलंय तेच घ्यावं. विकतची शंकरपाळी वर्षभर मिळते. परदेशातल्या मंडळींना मंडळाच्या पॉटलकला जाताना मोठं पातेलं उसळीचं स्वतःच नेता येतं. आपल्याला खाण्याजोगं निदान एक तरी टेबलावर असेल याची ती खात्री.

आता दुसरी सकाळ. काट्यावर दीड-दोन किलो जास्त दिसतात, आणि इथे सगळ्यात जास्त माणसं हरतात. दोन किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा पंधरा हजारांवर कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका रात्रीत ते होत नाही. जास्तीचं मीठ पाणी धरून ठेवतं. भात-रोटी-गोडाचा काही भाग स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. शिवाय रात्रीचं जेवण अजून पोटातच असतं. नेहमीच्या खाण्यावर परत आलं की तीन-चार दिवसांत हे पाणी उतरतं. बैठकीनंतर दोन-तीन दिवस काट्यावर उभं राहू नये, किंवा रोजच उभं राहून आठवड्याची सरासरी काढावी. दुसऱ्या दिवशी लंघन करू नये, त्याने फक्त पुढच्या रात्रीची हावरी भूक तयार होते. सकाळी नेहमीची न्याहारी, भरपूर पाणी, चाळीस मिनिटं चालणं. ते चालणं कालच्याच मित्रांना घेऊन झालं तर फार चांगलं. पर्वती, वेताळ टेकडी, शिवाजी पार्क, रंकाळा, फुटाळा, प्रत्येक गावाला अशी जागा आहे. रात्री साडेनऊची भेट महिन्यातून दोनदा जरी सकाळी साडेसहाला हलवली, तरी वर मांडलेला आठवड्याचा हिशोब आपोआप बदलतो.

आणि अधूनमधून मित्रांना आपल्याच घरी बोलवावं, कारण तिथे कढई आपल्या हातात असते. आठ जणांसाठी: चारशे ग्रॅम मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड आणून उसळ, दोन मोठ्या वांग्यांचं भरीत, किलोभर काकडीची अर्धा किलो दह्यातली कोशिंबीर, बारा-चौदा ज्वारीच्या भाकऱ्या, तीनशे ग्रॅम तांदळाचा भात आणि कढी. सगळ्या स्वयंपाकाला मिळून सहा मोठे चमचे तेल, म्हणजे माणशी एक चमचाही नाही. भाकऱ्या गरम गरम एकेक करून वाढाव्यात. टोपलीत रास दिसली की हात जास्त वेळा जातो. लसणाची चटणी, ठेचा, कांदा, लिंबू भरपूर ठेवावं, त्याने तेलाची उणीव कोणाला जाणवत नाही. शेवटी अर्धा किलो श्रीखंड, आठ लहान वाट्यांत आधीच भरून, माणशी साठ ग्रॅम. पातेलं टेबलावर आणायचं नाही. आणि जे उरेल ते, पाहुणे चपला घालत असतानाच, डब्यांत भरून त्यांच्या हातात द्यायचं.